सुई कोणती, मार्ग कोणता

इंदूमावशी, तुमच्या उशाशी असायचा तो स्टीलचा ट्रे मी आज उकळत्या पाण्यानं धुतला, पुसून कोरडा केला आणि तुमच्या भाचीच्या, मंदाच्या, हाती दिला. "मामा, हा आता कशाला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पापड ठेवायला." ती हसली आणि हसता हसताच रडू लागली. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "आधी ट्रे खाली ठेव, मग रड. ट्रे पडलो तर पोचो येतलो."

मला मात्र रडू आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटतं आहे. सांत्वनाला आलेल्या माणसांसमोर हे उघड बोलता येत नाही. ती हळहळतात आणि मी मान हलवतो. पण तुमच्यापासून लपवून काय करू? रुग्ण वेदनेशिवाय गेला, तर परिचारिकेनं सुस्कारा सोडायला लाजू नये, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. तो सुस्कारा मी सोडला आहे. त्यात आणखीही एक सुटका मिसळलेली आहे. ती फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

आपली ओळख सुईनं झाली. काळाचौकीच्या त्या चाळीत तुमची खोली जिन्याला लागून होती आणि आमची गॅलरीच्या टोकाला. तुम्ही परळच्या इस्पितळात वॉर्ड सिस्टर. माझे वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवीत. मग संप झाला. तो रेंगाळला. वडिलांचा खोकलाही रेंगाळला, आणि निदान झालं ते क्षयाचं. रोज इंजेक्शन. रोज दवाखान्यापर्यंत चालत जाण्याचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं, म्हणून ड्यूटीवर निघण्याआधी तुम्ही आमच्या खोलीत येऊ लागलात.

वडिलांना स्वतःच्या वाळलेल्या देहाची लाज वाटे. लेंगा सैल करताना ते दरवेळी थट्टा करीत. "सिस्टर, जपून हां. ही मांडी नाही, साच्याचा दांडा आहे. सुई वाकेल."

"दांड्याक पण तेल घालूक लागता, भाऊ," तुम्ही म्हणायचात. मालवणी तुमच्या तोंडून दोनच वेळी निघे, माया आली की किंवा राग आला की. एरवी तुमचं बोलणं वॉर्डातल्या चादरीसारखं, सुरकुती नसलेलं.

मी जवळ बसून पाहत असे. बाटलीतली भुकटी पाण्यात विरघळवून औषध ओढून घेताना तुम्ही जाड सुई वापरीत होता. टोचण्याआधी ती काढून दुसरी, बारीक आणि आखूड, बसवीत होता. एकदा मी विचारलं, दोन सुया कशाला? तुम्ही वडिलांच्या मांडीचं उरलंसुरलं मांस चिमटीत उचलून धरलंत आणि म्हणालात, "कागदावर फक्त 'स्नायूत द्या' एवढं लिहिलेलं असतं. सुई किती लांब घ्यायची ते माणसाच्या अंगावर लिहिलेलं असतं. ते वाचायचं. जाड्या माणसाला आखूड सुई दिलीस तर औषध चरबीत बसेल. तुझ्या बाबांना लांब दिलीस तर हाडाला लागेल."

माझं शिक्षण तिथंच सुरू झालं, असं मी आजही मानतो.

सिरिंज उकळण्याचं काम मी मागून घेतलं. त्या काळच्या काचेच्या सिरिंजा. तुमच्याकडे घरी एकाच मापाच्या दोन होत्या. नळी आणि आतला दट्ट्या एकमेकांशी घासून जुळवलेले असत आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असे. मी दोन्ही सिरिंजा सुट्या करून एकाच भांड्यात उकळल्या आणि जोडताना क्रमांक पाहिलेच नाहीत. तुम्ही सुई टोचलीत, दट्ट्या दाबलात, आणि औषध पुढं जाण्याऐवजी मागून तुमच्या बोटांवर आलं. वडील म्हणाले, "सिस्टर, मला वाटतं आज तुम्हीच औषध घेतलंत."

तुम्ही हसला नाहीत. हात पुसलात आणि मला विचारलंत, "जोडताना हाताला सैल लागला होता ना?"

"लागला होता."

"मग बोललास कित्याक नाय?"

सिस्टरना सांगणारा मी कोण, असं मला वाटलं होतं. क्रमांक चुकले याबद्दल तुम्ही एक अक्षरही बोलला नाहीत. सैल लागूनही मी गप्प राहिलो, ते तुम्ही विसरला नाहीत. आपल्या भांडणाचं बी तिथं पडलं. पुढं ते इतकं लांबेल असं तेव्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

वडील बरे झाले, पण गिरणी पुन्हा उघडली नाही. ते एका इमारतीत पहारेकरी झाले आणि मी तुमच्या सांगण्यावरून नर्सिंगला गेलो. चाळीतली पोरं मला "ए सिस्टर" म्हणून हाका मारीत. तुम्ही गॅलरीतून त्यांना सुनावलंत, "उद्या ताप चढला की कोणाकडे याल? ब्रदर म्हणा त्याला." मग सगळी चाळ मला ब्रदर म्हणू लागली. माझी आईसुद्धा.

तुमची घरची शिकवणी आठवते. रविवारी लालबागच्या बाजारातून पापलेट आणि सुरमई यायची. हे मासे शिजण्याआधी त्यांना माझ्या हातून इंजेक्शनं घ्यावी लागत, अर्थात साध्या पाण्याची. पाटावर तुम्ही सिरिंजा मांडून ठेवायचात आणि म्हणायचात, "बोल, कातडीच्या आत द्यायचंय, काय उचलशील?" मी सर्वांत लहान सिरिंज उचलायचो, बारीक रेघांची, आखूड सुईची. पापलेटाच्या कातडीवर ती जवळजवळ आडवी धरायची, सुईचं उघडं तोंड वर. नीट जमलं की मसुरीएवढा फुगवटा दिसला पाहिजे. दिसला नाही तर तुम्ही म्हणणार, "खोल गेलास. हे पापलेट गेलं." कातडीखाली द्यायचं असेल तर छोटी सिरिंज आणि चिमटीत धरलेली कातडी. इन्सुलिनची सिरिंज वेगळी, तिच्यावर एककांच्या खुणा, आणि बाटलीवरची ताकद नि सिरिंजेवरची खूण जुळल्याशिवाय हात लावायचा नाही. स्नायूसाठी सुरमईचा जाड तुकडा, सुई सरळ उभी.

एकदा पाहुणे जेवायला होते. कालवण खाताना त्यांतले एक म्हणाले, "सुरमई आज फार रसदार आहे." तुम्ही माझ्याकडे न पाहता वाढत राहिलात.

शिरेचं मात्र माशावर शिकता येईना. मोठी सिरिंज तुम्ही मला दाखवलीत, सुई बसवायची तिची चोच मधोमध नसते, कडेला असते, म्हणजे ती हातावर आडवी टेकवता येते आणि सुई शिरेच्या रेषेत राहते. हे दाखवून झाल्यावर तुम्ही पदर खांद्यावर घेतलात आणि स्वतःचा हात पुढं केलात.

"मावशी, नको."

"शीर जिवंत हवी. घे."

मी सिरिंज आडवी टेकवून सुई आत घातली. सिरिंजेत रक्त दिसलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघ, दार उघडलं. आता घाई करू नको. शिरेत दिलेलं परत घेता येत नाही." त्या हातावरची ती जागा मी तुमच्या शेवटच्या आजारातही ओळखली. शीर कधीच आत दडली होती, तरी ओळखली.

मग कितीतरी वर्षं आपण एकाच वॉर्डात होतो. माझा हात हलका झाला. रुग्ण मला मागून घेऊ लागले, त्याचा मला अभिमान होता. पण तोंड मात्र उघडलं नाही. डॉक्टरांच्या फेरीत एखाद्या कागदावर लिहिलेला मार्ग, म्हणजे औषध स्नायूत द्यायचं की शिरेत की कातडीखाली ते, त्या रुग्णाला सोसणार नाही असं मला दिसायचं, आणि मी खाली पाहायचो. फेरी पुढं गेली की तुमच्या टेबलाशी येऊन हळूच सांगायचो. तुम्ही उठायचात, तरातरा जाऊन डॉक्टरांना गाठायचात आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचात, "डॉक्टर, याला स्नायूत कसं देऊ? तुम्हीच दाखवा बरं जागा." बहुतेक डॉक्टर हसत आणि कागद दुरुस्त करीत. एखादा चिडे. तुम्हाला दोन्हीचं काही वाटत नसे. इतकी वर्षं तुम्ही माझा आवाज झालात आणि मी त्याला टीमवर्क म्हणत राहिलो.

मी वाद घालत नव्हतो असं नाही. घालत होतो, पण फक्त तुमच्याशी. मी म्हणायचो, "चारचौघांत विचारलं की माणूस चुकीला चिकटून बसतो. मी कागद त्यांच्यासमोर धरतो, त्या ओळीवर बोट ठेवतो. त्यांचं त्यांना कळतं."

"आणि बोटाकडे बघितलंच नाही तर?"

"तर मी योग्य सुई निवडतो. तेवढं माझ्या हातात असतं."

"सुई तुझ्या हातात आहे, मार्ग नाही," तुम्ही म्हणायचात. "सुई गप्प राहून बदलता येते. मार्ग विचारूनच बदलावा लागतो."

मी याला सभ्यपणा म्हणत होतो. तुमच्याकडे त्याला दुसरा शब्द होता. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी, हार गळ्यात असताना, तो तुम्ही सगळ्यांसमोर उच्चारलात. "दिनकरचा हात माझ्याहून हलका आहे. पण तोंडाला बूच आहे. भित्रा आहे." लोक हसले. मीही हसलो, आणि घरी जाऊन जेवलो नाही.

त्यानंतर मी तुमच्याकडे यायचं टाळलं. मध्यंतरी चाळ पाडली, तिच्या जागी उंच इमारत उभी राहिली, तुम्हाला वरच्या मजल्यावर घर मिळालं, मी तुमच्या वास्तुशांतीलाही आलो नाही. ड्यूटी आहे असं कळवलं. ड्यूटी नव्हती. तुम्हाला ते कळलं असणार, कारण इस्पितळातल्या ड्यूट्या लावणारी बाई तुमचीच विद्यार्थिनी होती. तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत. याबद्दल क्षमा मागायची माझी तयारी होती, वाक्यंही जुळवली होती. पण तुमचा निरोप आला तो एवढाच, "मंदा सांगेल काय झालंय ते. ये. सुया घेऊन ये."

पोटातला कर्करोग. उपचार करून झाले होते. आता फक्त दुखू द्यायचं नाही, एवढंच काम उरलं होतं. मी आलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होता आणि तुमचा देह पाहून मला वडील आठवले. तुम्ही माझ्याकडे नखशिखांत पाहिलंत आणि म्हणालात, "जाडो झालस. तुका लांब सुई लागतली." झालं. माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली, आणि तुम्हाला ती नको होती हे मला आता कळतं.

सुरुवातीला गोळ्यांवर भागलं. मग एका दुपारी गोळी पोटात ठरेना. दुखणं चढू लागलं. घरी येऊन पाहणाऱ्या डॉक्टरांनी अशा वेळेसाठी इंजेक्शन आणून ठेवलं होतं आणि कागदही लिहून ठेवला होता. तुमच्या अंगावर अजून थोडं मांस होतं तेव्हा लिहिलेला तो कागद होता, दोष कुणाचाच नव्हता. मी तो वाचला.

"काय लिहिलंय?" तुम्ही विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारलंत.

"स्नायूत."

"माझ्याकडे स्नायू खंय आसा?"

मी ट्रेमधली सर्वांत आखूड, बारीक सुई उचलली. मांडीवर कुठं चिमटीत काही येतं का, याचा विचार करू लागलो. म्हणजे, मावशी, त्याही क्षणी मी हातानंच निभावून नेणार होतो.

"ठेव ती." तुमचा आवाज बारीक होता, पण तो वॉर्डातला होता. "हाडावर टोचशील आणि ते रोज टोचशील. कातडीखाली एक सुई ठेवून दिलीस तर परत परत टोचावंसुद्धा लागणार नाही. तुला माहीत आहे हे."

"माहीत आहे."

"मग विचार डॉक्टरांना."

"तुम्हीच बोला ना. तुमचं ऐकतील."

"मी आता पेशंट. पेशंटानं कण्हायचं. बोलायचं नर्सनं."

तुम्हाला दुखत होतं. कपाळावर घाम आला होता आणि चादर मुठीत गच्च धरलेली होती. तरी तुम्ही फोन हातात घेणार नव्हता, हे मला दिसलं. तुमचा शेवटचा धडा माझ्या हातून वाया गेला तर किंमत तुम्ही मोजणार होता, मी नाही. हे कळल्यावर मी खिडकीपाशी गेलो आणि फोन लावला.

एवढ्या वर्षांत मी डॉक्टरांशी कितीतरी वेळा बोललो असेन, पण ते वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. मी पुटपुटत सुरुवात केली. खाटेवरून तुमची हाक आली, "मोठ्यान!"

"डॉक्टर," मी म्हटलं, "कागदावर स्नायूत लिहिलंय. सिस्टरच्या अंगात आता स्नायू उरलेला नाही. मला वाटतं, हे त्वचेखाली द्यायला हवं. तुम्ही मार्ग बदलून द्याल का?"

पलीकडून त्या तरुण डॉक्टरबाईंनी शांतपणे म्हटलं, "हो, बरोबर आहे. त्वचेखालीच द्या. बटरफ्लाय सुई आहे ना तुमच्याकडे? दंडावर लावून ठेवा. डोस सांगते, तुम्ही परत म्हणून दाखवा. नवा कागद आत्ता पाठवते. आणि सर, बरं झालं फोन केलात."

फोन ठेवल्यावरही मी थोडा वेळ खिडकीशीच उभा होतो. त्या रागावल्या तर काय म्हणायचं, हे मी मनाशी घोकून ठेवलं होतं. ते सगळं तसंच शिल्लक राहिलं. मग फोनवर नवा कागद आला. मी छोटी सिरिंज घेतली. दंडावरची कातडी चिमटीत धरली, दोन पंख असलेली ती बारीक सुई आत सरकवली, चिकटपट्टी लावली आणि औषध हळूहळू सोडलं.

वेदना ओसरायला वेळ लागला. ओसरल्यावर तुम्ही डोळे उघडलेत.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"बरोबर आहे म्हणाली."

"ओरडली?"

"नाही."

"नोकरी घेतली तुझी?"

"नाही, मावशी."

"मग मेल्या, जन्मभर कोणाक भियालस?"

आणि तुम्ही हसलात. पोटावर हात दाबून धरलात, तरी हसत राहिलात. मंदा स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं दुखतंय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आता देतो. माझ्या वाढीच्या वयात मी एक अख्खी वस्ती मोठ्यानं बोलताना पाहिली, मावशी. वडील आणि त्यांचे सोबती गेटवर घसे सुकेपर्यंत बोलले, आणि गिरणी बंद ती बंदच राहिली. पुढं वडील घरातही बोलेनासे झाले. आवाज चढवून काही होत नसतं, उलट असतं तेही जातं, हे मी तिथं शिकलो, आणि ते शिक्षण तुमच्या शिकवणीच्याही खाली जाऊन बसलं होतं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? कदाचित म्हणाला असतात की घोषणा वेगळी आणि प्रश्न वेगळा. कदाचित नुसत्याच गप्प बसला असतात, कारण त्या गेटवरून येणाऱ्या माणसांना रोज सुई टोचणाऱ्या तुम्हीच होता. मला ते कधी कळणार नाही. आपलं भांडण पूर्ण मिटलेलं नाही, आणि ते थोडं उरलं याचं मला वाईटही वाटत नाही.

त्यानंतरचे तुमचे दिवस बरे गेले. तुम्ही मंदाला सोलकढीत मीठ कमी पडलं म्हणून सुनावलंत. समोरच्या टॉवरच्या काचा पुसणाऱ्या माणसांचा दोर नीट बांधला आहे का, यावर खिडकीतून लक्ष ठेवलंत. दंडावरची जागा लाल झाली की ती बदलायची आठवण तुम्हीच मला दिलीत. पुन्हा एकदाही तुम्हाला चादर मुठीत धरावी लागली नाही. मग एका दुपारी झोपलात आणि झोपेतच श्वास थांबला. मंदा म्हणाली, "मामा, बघा हो." मी पाहिलं.

मग मी शेवटचं काम केलं. चिकटपट्टी ओली करून हलकेच सोडवली, सुई बाहेर घेतली आणि त्या जागेवर कापूस धरला. चोळला नाही. नुसता दाबून धरला, तुम्ही शिकवलं होतं तसा.

"मामा," मंदा म्हणाली, "आता कशाला?"

मी हात काढला नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली, आणि थोड्या वेळानं तिनं तुमच्या कपाळावरचे केस मागं सारले.

काल मी ड्यूटीवर परत गेलो. फेरी सुरू होती. खिडकीजवळच्या खाटेवर एक कृश म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांच्या कागदावर औषध लिहिलं होतं, डोस लिहिला होता, मार्ग लिहायचा राहिला होता. माझं बोट सवयीनं त्या ओळीकडे निघालं. मी ते मागं घेतलं आणि म्हटलं, "डॉक्टर, मार्ग कोणता?"

आवाज बराच मोठा लागला असावा, कारण पलीकडच्या खाटेवरच्या माणसानंही मान वर केली. डॉक्टरांनी कागद घेतला, क्षणभर विचार केला, म्हणाले, "त्वचेखाली," तसं लिहिलं, आणि फेरी पुढच्या खाटेकडे गेली. मी छोटी सिरिंज उचलली.